पाहिलंत, ऐकलंत की वाटलं?

सत्तावीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार बोलायचा, वकील ओरडायचे आणि मी लिहायचे. शेवटची आठ वर्षं दिंडोशीला काढली, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि तिथूनच निवृत्त झाले. माणसं शपथ घेऊन काय काय बोलतात ते इतकी वर्षं ऐकल्यावर त्यांच्याबद्दल फार चांगलं मत उरत नाही. तरी कोर्टात एक बरं असतं, कोणीतरी विचारणारा असतो. आमचे एक साहेब होते, साक्षीदार भरात आला की हात वर करायचे. म्हणायचे, "थांबा. हे तुम्ही पाहिलंत, ऐकलंत की वाटलं?" निम्म्या साक्षीदारांना तिथेच प्यायला पाणी लागायचं.

आमच्या 'नवसंकल्प' सोसायटीत असं विचारणारं कोणी नाही. आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

दोन विंग, सात मजले, मजल्यावर चार घरं. मी बी-विंगमध्ये पाचशे दोनमध्ये राहते, एकटी. बहुतेक लोक माझ्यासारखेच, मूळचे कोकणातले, बाप गिरणीत, बालपण परळ-लालबागच्या चाळीत. आता कोणी बँकेत, कोणी आयटीत, कोणाची मुलं परदेशात. शिकलेली माणसं आहेत. हे मुद्दाम सांगते. पुढे जे झालं ते अडाणी माणसांकडून झालं असतं, तर मी कदाचित एवढी चिडले नसते.

यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बी-विंगमध्ये उलट्या-जुलाब सुरू झाले. पाच घरांतली चौदा माणसं आजारी पडली. चारशे तीनमधल्या राजाराम घाडींच्या आईला तर ॲडमिट करावं लागलं. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. सलाइन लावायला शीर सापडेना, म्हणून राजाराम वॉर्डाबाहेर रडत उभा होता, असं मी त्याच्याच तोंडून ऐकलं.

अकरा तारखेला, शनिवारी सकाळी सव्वानऊला सहाशे एकमधल्या प्रांजलने ग्रुपवर लिहिलं, "मला वाटतं, टाकीचा प्रॉब्लेम आहे." ही प्रांजल मोबाइलवरून लोकांना काय खावं आणि काय खाऊ नये ते शिकवते. साडेनऊला कोणीतरी लिहिलं, "टाकी नीट साफ झाली नसणार." दहाला दुसऱ्या कोणीतरी, "टाकी साफच झाली नाही असं ऐकलं." आणि साडेदहाला आमचे सेक्रेटरी देवेश राऊळ यांनी ठोकून दिलं, "टाकी साफ न केल्यामुळे घडलेल्या प्रकाराची कमिटीने गंभीर दखल घेतली आहे." सव्वा तासात 'मला वाटतं'चा 'घडलेला प्रकार' झाला. कोर्टात एवढ्या कामाला चार वर्षं लागतात.

टाकी साफ करायचे भीमराज खिल्लारे. अकरा वर्षं पंप चालवणं, वॉल उघडणं-बंद करणं, गच्चीवरची टाकी धुणं, सगळं त्यांच्याकडे. वयाने पन्नाशीचे, पण सोसायटीत सगळे त्यांना 'भीमा' म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे. मीही करायचे. त्या शनिवारी संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते, तर गेटवर देवेश त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेत होता.

"साहेब, वीस तारखेला टाकी केली," भीमराज सांगत होते. "तुम्हाला सांगून केली."

"ते तू म्हणतोस," देवेश म्हणाला.

भीमराजनी कमरेचा जुडगा सोडला, त्यातली स्वतःच्या घराची किल्ली काढून घेतली आणि बाकीचा त्याच्या हातात ठेवला. दोन मिनिटांत सगळं उरकलं. वॉचमनसुद्धा खुर्चीवरून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी अकरा वाजता, सोसायटीच्या हॉलमध्ये तातडीची मीटिंग ठेवली. मला देवेशचा फोन आला. "सुगंधाताई, तुम्ही मिनिट्स लिहाल का? तुम्हाला सवय आहे." हो म्हटलं. मी गेले तर ठराव आधीच टाइप होऊन टेबलावर ठेवलेला. 'श्री. भीमराज खिल्लारे यांनी टाकी साफ न केल्याने चौदा रहिवासी आजारी पडले, सबब त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करण्यात यावी.' सबब! हा शब्द त्याला कुठून मिळाला कोण जाणे.

मी म्हटलं, "देवेश, यात पहिल्याच ओळीत लिहिलंय की टाकी साफ केली नाही. हे कोणी पाहिलं?"

"अहो ताई, सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांगा, मी लिहिते."

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. सगळी एकमेकांकडे बघायला लागली. प्रांजल म्हणाली, "पाण्याला वास येत होता."

"तुम्हाला आला?"

"मला सर्दी होती. पण येत होता."

मी लिहून घेतलं. मग चेअरमन उठले. चंद्रप्रकाश नाईक, सातशे तीनमध्ये राहतात, रिटायर्ड, पांढरा शर्ट, बोलायच्या आधी दोनदा खाकरतात. "हे बघा, मी चाळीस वर्षं विमा कंपनीत काढली आहेत. माणूस खोटं बोलतो की खरं ते मला चेहऱ्यावरून कळतं."

"काल भीमराजचा चेहरा बघितलात तुम्ही?"

"काल मी विरारला होतो. तो मुद्दा नाही. आता मला बघा. मी तेच पाणी पितो, मला काही झालं? नाही झालं. का? मी पहाटे पाचला प्राणायाम करतो."

हेही लिहिलं. लिहिताना हसू दाबायची कोर्टात सवय झालेली असते, ती कामाला आली. असं करत मी प्रत्येकाला विचारत गेले, पाहिलंत, ऐकलंत की वाटलं. सात जणांनी ऐकलं होतं, तेही एकमेकांकडूनच. बाकीच्यांना वाटलं होतं. पाहणारा चाळिसांत एकही नव्हता. गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उचलून बघायलाही कोणी गेलेलं नव्हतं, आणि गच्चीला लिफ्टनंतर फक्त सोळा पायऱ्या आहेत.

देवेशचं डोकं फिरलं. हातातला ठराव टेबलावर आपटून तो म्हणाला, "जाऊ द्या ना ताई! शेवटी त्या लोकांची स्वच्छतेची कल्पनाच वेगळी असते."

हॉलमध्ये दोघांनी मान हलवली, आणि ती नकाराची नव्हती. मी वाक्य लिहिलं, मग मोठ्याने वाचून दाखवलं. "'शेवटी त्या लोकांची स्वच्छतेची कल्पनाच वेगळी असते.' त्या लोकांची म्हणजे कोणाची? पूर्ण लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही."

"अहो, हे काय लिहिताय?"

"तुम्ही बोललात ते. खाली सही लागेल."

"मी असं म्हटलंच नाही."

"आत्ता म्हटलंत, शॉर्टहँडमध्ये आहे. चाळीस माणसांनी ऐकलंय. हवं तर विचारते."

देवेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते आपलं बोलण्याच्या ओघात. ते माझं मत होतं हो."

"मग ठरावात असंच लिहू का? टाकी साफ केली नाही, असं सेक्रेटरींचं मत आहे?"

तो खाली बसला. पोलिसांतली तक्रार तिथेच बारगळली. किल्ल्या मात्र त्याने परत केल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही मागितल्या नाहीत. मला दुसरंच सुचलं होतं.

इथे मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण चाळीस शहाण्यांना गप्प बसवल्याचा आनंद वाईट असतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे प्रश्न टिपत आले, त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न माझे होते. मला वाटलं, आता खरं कारणही मीच शोधून देते.

एक मेला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम झाला होता. झेंडा, भाषण आणि पन्हं. पन्हं केलं होतं लताने. लता शिरसाट ए-विंगच्या तळमजल्यावर राहते, नवरा गेल्यापासून डबे करून देते. मी विचारलं, "जे आजारी पडले, त्यांच्यापैकी पन्हं कोण कोण प्यायलं?"

आजारी घरांतली जी माणसं आली होती, त्या सगळ्यांनी हात वर केले. राजारामनेही केला.

"आणि आई?" मी त्याला विचारलं.

तो रात्रभर हॉस्पिटलमध्ये जागलेला, डोळे सुजलेले. "आईला... माहीत नाही. कोणीतरी वर नेऊन दिलं असेल."

"असेलच," मी म्हणाले. "सणासुदीला म्हाताऱ्या माणसाला दिल्याशिवाय कोण राहतं?" आणि लिहून टाकलं. मग मला आठवलं की मी स्वतः पन्हं प्यायले नव्हते, मला शुगर आहे, आणि मला काही झालं नव्हतं. झालं! मी उठून उभी राहिले आणि साहेब निकाल वाचायचे त्या आवाजात सांगितलं, "टाकीबिकी काही नाही. पन्ह्यातला बर्फ. बर्फ खराब होता."

लता मागे भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. "ताई, बर्फ विकतचा नव्हता. पाणी उकळून मी घरच्या फ्रीजमध्ये लावला होता."

"ते तू म्हणतेस," मी म्हणाले.

हो, हेच शब्द. माझ्याच तोंडून. तेव्हा मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही.

ग्रुपला काय, हवंच होतं. दुपारपर्यंत 'बर्फ' सिद्ध झाला. प्रांजलने बर्फातल्या जंतूंचा एक व्हिडिओ टाकला, कुठल्या देशातला ते देवाला ठाऊक. 'कोर्टातल्या परब मॅडमनी शोधून काढलं' असं तिघांनी माझ्याबद्दल लिहिलं, आणि मी ते दोनदा वाचलं. मंगळवारपर्यंत लताचे बावीस डबे नऊवर आले. सोमवारी सहाशे तीनमधली अपूर्वा, जी पहिल्या आठवड्यात बरी झाली होती, ती पुन्हा आजारी पडल्याचं कळलं. पन्हं पिऊन तोपर्यंत दोन आठवडे होत आले होते. मी स्वतःशी म्हटलं, उलटलं असेल. हा 'असेल' दुसऱ्या कोणी म्हटला असता, तर मी त्याला सोडलं नसतं.

बुधवारी दुपारी मी आंबे घेऊन भीमराजकडे गेले. संतोषनगरात, चढावर, दोन खोल्यांचं घर. मनात मी काय समजत होते सांगू? की मी त्यांना सोडवलंय आणि आता ते माझे आभार मानतील. दार त्यांच्या मुलीने उघडलं. दर्शना, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने मला ओळखलं, पण 'या' म्हणायला वेळ घेतला. भीमराज आतून आले. त्यांच्या घरात, त्यांच्या मुलीसमोर 'अरे भीमा' असं काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "भीमराजभाऊ, काळजी करू नका. तुमचा काही दोष नाही हे मी सगळ्यांसमोर सिद्ध केलंय." आणि पन्ह्याची गोष्ट सांगितली.

दर्शनाने विचारलं, "आजारी पडले त्यांना विचारलंत पन्हं प्यायलात का. जे आजारी नाही पडले, त्यांना विचारलंत?"

"म्हणजे?"

"कार्यक्रमाला किती लोक होते?"

"असतील दीडशे."

"दीडशे जणांनी पन्हं पिऊन चौदाच आजारी पडले? आणि तेही सगळे बी-विंगचे?"

ती पुढे म्हणाली, "चारशे तीनच्या आजींना पन्हं कोणी दिलं?"

"दिलं असेल कोणीतरी."

"कोणी?"

सत्तावीस वर्षं मी स्टेनोच्या टेबलाशी बसले, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. मुलगी एकवीस वर्षांची, आवाजही चढवला नव्हता तिने.

भीमराजनी विचारलं, "मॅडम, घरं कुठली कुठली?"

"दोनशे तीन, तीनशे तीन, चारशे तीन..." आणि मी थांबले. पाचशे तीन. सहाशे तीन. मीटिंगच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने एकाखाली एक लिहिले होते हे आकडे, आणि बघितले नव्हते.

"तीन नंबरची लाइन," ते म्हणाले. "गच्चीवरनं प्रत्येक नंबराला वेगळा पाइप उतरतो. टाकी घाण असती तर चारही नंबरांना लागण झाली असती. तुम्ही दोन नंबरात, तुम्हाला काही नाही. एकशे तीन तर बंदच असतं, ते लोक पुण्याला. आणि सातशे तीनला फेब्रुवारीत बाथरूमचं काम झालं. त्यांच्या भिंतीतनं तो पाइप जातो, संडासाचा पाइप बी शेजारीच. दुपारी मी वॉल बंद करायचो तेव्हा पाइप रिकामा होतो. कुठं भोक असलं तर बाहेरचं घाण पाणी आत ओढून घेतो."

"म्हणजे नाईकांच्या घरातून—"

"मी बघितलेलं नाही," भीमराजनी मला तिथेच अडवलं. "मला तसं वाटतंय. पाणी तपासून घ्या. प्रत्येक नळाचं वेगळं, आणि टाकीचं वेगळं. मग बोला."

आंबे मी तिथेच ठेवले. दर्शनाने ते उंबऱ्यापर्यंत आणून परत दिले. म्हणाली, "पप्पांना शुगर आहे."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून बाटल्या आणल्या आणि पाच ठिकाणचं पाणी स्वतः भरून दिलं. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. टाकीचं पाणी स्वच्छ. माझ्या नळाचं, तीनशे दोनचं स्वच्छ. पाचशे तीन आणि तीनशे तीनच्या पाण्यात मैल्यातले जंतू. मी कागद घेऊन चंद्रप्रकाश नाईकांच्या दारात गेले. राजाराम आणि देवेशही होते.

नाईकांनी रिपोर्ट हातातही घेतला नाही. "माझ्या मते पाइप व्यवस्थित आहे. लॅबवाले काय, काहीही लिहून देतात. आणि ही इटालियन टाइल आहे, फोडली तर तशी मिळणार नाही."

देवेश म्हणाला, "काकांचं म्हणणंही बरोबर आहे. दोन्ही बाजू बघायला पाहिजेत." दोन्ही बाजू! भीमराजच्या वेळी त्याला एकच बाजू पुरली होती.

राजाराम आयुष्यात कधी मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही. तो म्हणाला, "काका, माझी आई आठ दिवस सलाइनवर होती. तुमचं मत तुमच्याकडे ठेवा आणि भिंत फोडा. नाहीतर मी फोडतो." आणि तो खरंच आत शिरला.

भिंत फोडली. टॉवेलचा दांडा लावायला कोणा कारागिराने ड्रिल मारलं होतं, ते थेट पाण्याच्या पाइपात. भोक त्याने कसल्याशा सिमेंटने लिंपून वर टाइल चिकटवली होती. लिंपण सुटलं होतं, आणि शेजारच्या संडासाच्या पाइपाचा सांधा ठिबकत होता. वास सगळ्यांना आला, सर्दी कोणालाच नव्हती. नाईकांच्या घराचा नळ त्या भोकाच्या वरून निघत होता. त्यांच्या प्राणायामाचं रहस्य एवढंच होतं.

त्या संध्याकाळी नाईकांनी ग्रुपवर लिहिलं, "पाइपलाइन जुनी झाली आहे हे मी सुरुवातीपासून म्हणत होतो." मी मिनिट्स तीनदा वाचल्या, एकदाही म्हटलेलं नाही. देवेशने लिहिलं, "गैरसमजातून काही गोष्टी घडल्या, त्याबद्दल खेद आहे." गैरसमज कोणाचा, गोष्टी कुठल्या, खेद कोणाला, काही नाही. वाक्यात माणूसच नाही. प्रांजलने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पाठोपाठ पाण्याचा फिल्टर निवडण्याबद्दल स्वतःचा व्हिडिओ. चौदा जणांनी अंगठा दाखवला.

कमिटीने भीमराजना परत यायचा निरोप धाडला. ते आले, पण कामावर नाही. घाटकोपरला एका मोठ्या सोसायटीत त्यांना काम मिळत होतं आणि तिथल्या मॅनेजरने विचारलं होतं, आधीच्या ठिकाणाहून का काढलं. "मला लेटर द्या," ते देवेशला म्हणाले. "काय झालं तेवढं लिहून."

देवेशने तीन दिवस चालढकल केली. शेवटी मीच टाइप केलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. तो म्हणाला, "ताई, 'कोणतीही चौकशी न करता काढून टाकले' हे कशाला? सोसायटीचं नाव खराब होईल."

"चौकशी केली होती का?"

"नाही, पण—"

"मग सही कर."

त्याने केली. पत्र द्यायला मी संतोषनगरात गेले. भीमराजनी चष्मा लावून उभ्यानेच वाचलं, सावकाश, दोनदा. मी लिहिलं होतं, 'वीस एप्रिल रोजी त्यांनी टाकीची सफाई उत्तम प्रकारे केली होती.'

"मॅडम, 'उत्तम' काढा."

"का? चांगलंच लिहिलंय की."

"तुम्ही कुठं आत उतरून बघितलं होतं? तारीख राहू द्या, रिपोर्टचा नंबर घाला. तेवढं बास."

मी परत येऊन दुरुस्त केलं, पुन्हा सही घेतली. जूनपासून ते घाटकोपरला जातात. मेट्रोने पोचतात, असं दर्शनाने सांगितलं, मी विचारल्यावर. आमच्याकडे आता एका एजन्सीची माणसं येतात, दर महिन्याला वेगळी. वॉल कुठला कशाचा हे त्यांना मीच दाखवते.

राहिली लता. तिच्याकडे जायला मला पाइप सापडल्यानंतर आठ दिवस लागले. देवेशला तीन दिवस लागले म्हणून मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. सकाळी दहाला गेले. ती पोळ्या लाटत होती, माझ्याकडे बघून लाटणं थांबवलं नाही.

"लता, माझं चुकलं," मी म्हटलं.

"हो."

"मी नीट विचारलं नाही."

"विचारलंच नाही तुम्ही, ताई. मी सांगितलं तेही ऐकलं नाही. देवेश काय, तो काहीही बोलतो, त्याला कोण धरतं? तुम्ही बोललात म्हणून लोकांनी धरलं. कोर्टातल्या ना तुम्ही." तिने पोळी तव्यावर टाकली. "इथे येऊन माझ्या कानात सांगून काय उपयोग? जिथे बोललात तिथेच सांगा."

जूनच्या मीटिंगला मी उभी राहिले. सांगितलं, की बर्फ खराब होता असं मी बारा मेला या हॉलमध्ये म्हटलं, त्याला काही आधार नव्हता, घाडींच्या आजींना पन्हं दिलं हे मी पाहिलेलं नव्हतं आणि ऐकलेलंही नव्हतं, मला वाटलं आणि मी ते लिहिलं. मिनिट्समध्ये तसं नोंदवून खाली सही केली. नाईक खाकरले. प्रांजल फोनमध्ये होती. देवेश म्हणाला, "ठीक आहे, पुढचा विषय, पार्किंग." माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कबुलीजबाब इतका लवकर गुंडाळलेला मी पाहिला नव्हता. लता मागे भिंतीला टेकून ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर चहासाठी न थांबता निघून गेली.

तिचे डबे आता पंधरावर आलेत. सात अजून आलेले नाहीत. का, ते मी त्या घरांना जाऊन विचारलं. एकीने सांगितलं, "तसं काही नाही हो, पण मनात बसलं ना एकदा." मी तिला पुन्हा रिपोर्ट दाखवला. तिने तो वाचला, 'बरोबर आहे' म्हणाली आणि डबा लावला नाही.

घाडींच्या आजी घरी आल्यात. त्यांच्यासाठी लता रोज साडेअकराला मऊ भात घेऊन चौथ्यावर जाते. लिफ्टमध्ये भेटली की "पाचवा ना?" एवढं विचारते आणि माझं बटण दाबते. त्यापलीकडे बोलत नाही. मीही तिला बोलायला लावत नाही.